काट्यातली खर्चुडी

अंकिताने रोवलेली लाल काठी जागच्या जागी होती. काठीजवळचा वेल मात्र नव्हता. तिथे वीतभर खड्डा होता आणि खड्ड्याशेजारी खुरपं घेऊन धनगरवस्तीवरची म्हातारी केराबाई निवांत बसली होती.

"उठा आधी!" अंकिता ओरडली. वनरक्षक झाल्यापासून ती कुणावर एवढी ओरडली नव्हती. तिला रडू यायचंच बाकी होतं. या अख्ख्या राखीव माळावर दुर्मिळ कंदीलपुष्पाचा तेवढा एकच वेल तिला सापडला होता. आज संध्याकाळी सोलापूरच्या ऑफिसात दुर्मिळ झाडांचा अहवाल जायचा होता. आता त्यात 'आढळले नाही' असं लिहावं लागणार, आणि कागदावर एकदा संपलेलं झाड पुन्हा कोण शोधायला जातंय!

तिने खुरपं काढून घेतलं. "आजी, गुन्हा आहे हा. कंदीलपुष्प होतं ते!"

"कसला कंदील?" केराबाईने पदर उलगडला. त्यात लिंबाएवढा कंद होता, दोन तुकडे केलेला. "ही खर्चुडी हाय. मेंढरामागं हिंडताना आमी ल्हानपणापास्नं खातोय की."

अंकिताने खुरपं खाली ठेवलं. दोन वर्षं ती धनगरांच्या वस्तीवर दारोदार विचारत होती, कंदीलपुष्प पाहिलंय का? सगळे प्रामाणिकपणे 'न्हाय' म्हणायचे. केराबाईही म्हणाली होती. पुस्तकातलं नाव पुस्तकाबाहेर कुणाला ठाऊक असणार, हे या शहाणीच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"शेवटचा वेल होता आजी," ती कशीबशी म्हणाली.

"शेवटचा? चल, दावते."

केराबाई हेकळीच्या काटेरी झुडपांच्या जाळीपाशी गेली. आपल्या मेंढरं हाकायच्या काठीने तिने काटे बाजूला सारले. आत, शेळीचं तोंड पोचणार नाही अशा जागी वेल चढला होता आणि त्याला हिरवट-जांभळे इवलेसे कंदील लोंबत होते. पलीकडच्या जाळीतही वेल होता. त्याच्या पलीकडेही.

अंकिताला हसू आलं आणि डोळेही भरले. दोन वर्षं तिने मोकळं गवत पालथं घातलं होतं. काट्यात एकदाही हात घातला नव्हता.

"हे सगळे कुणी लावले?" तिने नोंदीची वही उघडत विचारलं.

"ज्यानं खाल्ली त्यानं. बूड खायचं, शेंडा काट्यात लावायचा. सासूनं शिकिवलं मला. तुजा वेल उघड्यावर हुता, आज ना उद्या शेळीच्या पोटात गेला असता. म्हनून काडला."

तिने कंदाचा शेंड्याकडचा तुकडा अंकितापुढे धरला. त्याला कोवळा वेल अजून चिकटलेला होता.

"घे, ह्यो तू लाव. आन ती वही ठिव खाली. दोनी हात लागत्यात."