दादांची मिशी

दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, झोपेत श्वासच थांबायचा. तो परत येईपर्यंत मी शेजारच्या खाटेवर आकडे मोजत जागी राहायचे. शेवटी अमेरिकेतल्या काकांनी एक मशीन पाठवली. नाकावर मास्क बांधायचा आणि मशीन रात्रभर हवा आत ढकलणार. पेडगावात टीव्ही तीन, पण अशी मशीन एकच! तरी हवा मेली फुस्स करून बाहेरच जायची. पट्टे आवळले तर नाकावर वळ उठले. मग मीच मास्कभोवती कोंबडीचं पीस फिरवून शोध लावला की हवा मिशीतून सुटायलीय.

"दादा, मिशी काढा."

"येडी झालीस का? मिशी बाप मेल्यावर काढत्यात! आबा धडधाकट बसलेत समोर."

"अन् तुमचा श्वास परत आलाच न्हाई, तर त्या मिशीला काय आमी तेल लावत बसू?" मी ओरडलेच.

ओसरीवरचे आबा, म्हणजे माझे आजोबा, सगळं ऐकत होते. ते उठले, वस्तारा घेऊन आले.

"हलू नको, बन्सी," म्हणाले आणि लेकाची मिशी त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवली.

दोन दिवसांनी परभणीच्या मोंढा बाजारात कुणीतरी दादांना बिनमिशीचं पाहिलं. दुसऱ्या सकाळी पालमचे पाहुणे रडतच एसटीतून उतरले.



त्यांना सतरंजी आबांनीच टाकली, "बसा. मी गेलो खरा, पण पोरगं लय निवांत झोपायलंय."