कोळशाचे दार

स्थपतीचा दोष भिंतीत चिणला जातो. भिंत बोलत नाही, आणि आत वावरणारे सौजन्याने गप्प बसतात. मग तो दोष उच्चारण्याचा अधिकार एकट्या कर्त्याकडे उरतो.

ड्यूगल्ड हेपबर्न आपल्याच इमारतीसमोर बर्फात उभा होता. कॅनडाच्या राजधानीतल्या, ओटावाच्या सरकारी कचेरीतला हा स्थपती. सस्कॅचवान प्रांताच्या माळावरील या टपालघराचा नकाशा त्याचाच. आगगाडीतून उतरणाऱ्याला प्रथम दगडी खांब दिसावेत, म्हणून त्याने दर्शनी दार उत्तरेला, स्टेशनकडे ठेवले होते. हाच नकाशा आता माळावरच्या सर्व गावांसाठी कायम व्हायचा होता. हिवाळ्यात इमारत नीट चालते, एवढा अभिप्राय त्याने द्यायचा. मुख्य स्थपतीचे पद त्यावर अवलंबून होते.

खांबांमध्ये बर्फ दाराच्या माथ्यापर्यंत साचला होता. टपालघर बंद असावे, असे त्याला वाटले.

"साहेब, मागून या. कोळशाच्या दारानं." पोस्टमास्तरीण सिग्रिद थॉर्लाक्सन कोपऱ्यावरून हाक मारत होती. "खांबांचं दर्शन जूनमध्ये असतं."

कोळशाची खोली दक्षिणेला होती. शेगडीभोवती खोक्यांवर शेतकरी बसले होते. त्यांचे बूट वाळत होते. एक म्हातारा मायदेशाहून आलेले पत्र पुन्हा पुन्हा वाचत होता. पलीकडचे घुमटाखालचे दालन रिकामे होते; तिथल्या दौतीत शाई गोठली होती.

"बर्फ उपसत नाही का कुणी?"

"पहिल्या वर्षी रोज उपसला. उत्तरेचा वारा आमच्याहून चिवट निघाला."

"मग मला कळवलं का नाही?"

"एवढ्या लांबून घर बांधून दिलंत. पाहुण्यानं आणलेल्या खाऊला कुणी खारट म्हणतं का?"

म्हाताऱ्याने सरकून त्याला खोक्यावर जागा दिली. "लिहा ठीक आहे म्हणून. मंत्री काही जानेवारीत यायचे नाहीत."

हेपबर्नने नकाशा गुडघ्यांवर उलगडला. बराच वेळ तो पाहत राहिला. मग त्याने खांब खोडले. दार दक्षिणेला वळवले, बुटके केले, त्याशेजारी 'कोळशाचे दार' असे लिहिले, आणि आत शेगडीजवळ एक लांब बाक काढला. कागदाला कोळशाची बोटे लागली.

"हे पाठवलं, तर मुख्य स्थपती दुसराच कुणी होईल," तो म्हणाला.

"मग?" सिग्रिदने विचारले.

"त्या पदाचं दारही उत्तरेलाच होतं, बाई."

नवा नकाशा कायम झाला; पद दुसऱ्याला मिळाले. हेपबर्न अखेरपर्यंत दुय्यम राहिला. माळावरच्या टपालघरांच्या कोनशिलांवर रिवाजाप्रमाणे मंत्र्यांची नावे आहेत; त्याचे कुठेही नाही. त्या गावांत आता कोळसाही जळत नाही. तरी तिथली माणसे टपालघराच्या दक्षिणमुखी, दर्शनी दाराला अजून कोळशाचे दार म्हणतात, आणि का, ते कोणालाच ठाऊक नाही. त्या दाराने आत येणाऱ्यांच्या हातांना ऊब मिळो. ज्याने ते वळवले, त्यालाही.