अक्षदावर राज्य

राज्य कुणावर हे ठरवायला करमाडच्या त्या गल्लीतली पोरं गोल उभी राहिली, आणि निशानं रोजच्यासारखं आधीच सांगून टाकलं, "अक्षदा कच्चं लिंबू."

कच्चं लिंबू म्हणजे सगळ्यांसोबत लपायचं, पळायचं. पण सापडलं तरी आऊट नाही, आणि राज्य तर कधीच नाही.

अक्षदानं रंगाचं रिकामं डबडं उचलून छातीशी धरलं. "मी नाय कच्चं लिंबू. आज माझ्यावर राज्य."

"तुझ्यानं पळणं व्हतंय का?" गोकुळ हसला. "दिवस मावळंल."

"मावळू दे."

निशानं हळूच ओट्याकडं पाहिलं. तिथं मेथी निवडणाऱ्या अक्षदाच्या आईचा, सायलीचा हात थांबला. लेकीच्या उजव्या पायातला तो जाड तळव्याचा बूट बघून तिनंच तर निशाला बजावलं होतं, 'तिच्यावर राज्य येऊ देऊ नका गं.' ती उठायला लागली, तसा सासूनं, दगडाबाईंनी तिचा पदर धरला.

"बस खाली."

"पडंल ती, आत्याबाई."

दगडाबाईंचा अर्धा जन्म मेंढरांमागं गेलेला. "लंगडं कोकरू लई दिवस खांद्यावर घेऊ नाय," काडी मोडत त्या म्हणाल्या. "कळप त्याला इसरतो."

सायलीनं निशाकडं बघून होकाराची मान हलवली.

गोकुळनं डबडं टाकलं, चार पावलांवर.

"आरं, लांब फेक की!" अक्षदा ओरडली.

मग त्यानं ते पार पाण्याच्या टाकीपलीकडं भिरकावलं. पोरं लपली. बूट थप थप वाजवत अक्षदा गेली, डबडं आणलं, रिंगणात ठेवलं, आणि शोधायला लागली.

"निशाताई, जिन्याखाली! ऐसपैस!"

निशा आऊट. सायलीच्या मांडीवरची मेथी कधीच खाली सांडली होती.

तेवढ्यात मागून गोकुळ सुटला. अक्षदा वळली, धावली, पडली. आणि त्यानं लाथेनं डबडं उडवलं.

"हारली! हारली! परत तुझ्यावरच राज्य!"

आता रडणार. सायली अर्धी उठली.

अक्षदा उठली. गुडघ्याला माती, एक वेणी सुटलेली. पहिला नंबर आल्यासारखी, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी ती ओरडली,

"आई! मी हारले!"

आणि बूट वाजवत डबडं आणायला निघाली.