मागचं वजन

भट्टीच्या विटांनी भरलेलं पॅलेट काट्यांवर वीतभर उचललं आणि फोर्कलिफ्टचा मागचा भाग हळूच वर आला. ही मशीन वळते मागच्या चाकांनी. तीच जमीन सोडायला लागली तर स्टेअरिंग हातात असून काय उपयोग! नलूनं लिव्हर तिथंच धरून ठेवली.

"घाबरू नको, नलूबाई!" खालून भय्याजी ओरडले. "लोड थोडं ज्यादा हाय. बाबुलालले बोलावतो."

भय्याजी म्हणजे गोदामाचे सुपरवायझर. मशीन त्यांनीच शिकवली आणि आज परीक्षाही तेच घेत होते. पास झाली तर नलू उद्यापासून ऑपरेटर. नापास झाली तर पुन्हा तोच झाडू आणि तीच पॅकिंग. नलूला झाडू नको होता, ही खुर्ची हवी होती. आणि तिनं ते मनात तरी कुठं ठेवलं होतं! हुडको कॉलनीतल्या अर्ध्या बायकांना हळदीकुंकवात आधीच सांगून मोकळी झाली होती.

"बाबुलाल! ए बाबुलाल! वजन!"

ही या गोदामाची रीतच. माल जड झाला, मागची चाकं उचलली, की कुणाला तरी मागं उभं करायचं. कुणाला तरी म्हणजे बाबुलाललाच. एकटाच दोघांच्या तोलाचा गडी. हमालीत त्याच्यासारखे पुष्कळ होते, पण या कामात त्याच्या तोडीचा कुणी नव्हता, आणि त्याचा त्याला तोरा केवढा! हाक आली की पोट सावरत असा निघायचा, जसा नवरदेवच मांडवाकडं चालला. आज तर विचारूच नका. आज मशीनवर त्याची स्वतःची बायको बसली होती.

"आलो, आलो! मी हाय ना मागं. तू बिनधास्त उचल व!"

तो मागच्या लोखंडावर चढला. एका हातानं वरची दांडी धरली आणि दुसऱ्या हातानं जमलेल्या हमालांना झोकात राम राम ठोकला. चाकं खटकन जमिनीला टेकली.

"पाहा, बसली का नाई मशीन?" भय्याजी खूश झाले. "चल, आता रॅककडं घे."

मशीन हलवायच्या आधी मागं वळून पाहायचं, हे भय्याजींनीच शिकवलं होतं. नलूनं पाहिलं. तिला बाबुलालची चप्पल दिसली. निळ्या पट्ट्याची, सकाळीच तिनं पिन लावून दिलेली. टाच अर्धी लोखंडावर, अर्धी हवेत, आणि तिच्या खाली चाक. मशीनची भीती तिची केव्हाच गेली होती. पण त्या टाचेची वाटली, चांगलीच वाटली.

"उतरा," ती म्हणाली.

इंजिनच्या घरघरीत त्याला काय ऐकू जाणार!

"अहो, उतरा ना खाली!"

"हौ, हौ! चल तू!" बाबुलाल हसत मान डोलवत होता. हमालही हसले. गोदामात 'अहो'ला कोण विचारतो? आणि नवऱ्याचं नाव नलूनं लग्नातल्या उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. त्यानंतर कधी तोंडातून निघालं नव्हतं.

तिनं पॅलेट खाली टेकवलं. ब्रेक ओढला. छातीत हवा भरून घेतली.

"बाबुलाल! उतर खाली!"

सगळ्या हमालांनी माना वळवल्या. बाबुलाल मात्र टुणकन उतरला. ऑपरेटर ओरडला की उतरायचं, हे त्याच्या अंगवळणीच पडलं होतं. हाक कुणाची होती, हे त्याला जमिनीवर आल्यावर कळलं.

"हे काय करून राहिली तू?" भय्याजी तडकले. "सारेच ऑपरेटर असंच करतेत. मीबी केलं."

"केलं असन, भय्याजी. पण मानसाले तिथं सीट कुठं हाय? अर्ध्या विटा उतरवा. दोन चकरा मारीन."

"टाइम लागन."

"लागू द्या."

"आन मी तुले फेल केलं तर?"

खुर्ची नलूला खरंच हवी होती. तरी ती जागची हलली नाही.

"तर करा फेल. पण त्याईले मागं उभं करून मी मशीन हालवनार नाई."

भय्याजींनी टोपी काढून डोकं खाजवलं. बाहेर ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. शेवटी बाबुलालच पुढं झाला. कुणाकडं न पाहता त्यानं पॅलेटची पट्टी कापली आणि विटा उतरवायला लागला.

नलूनं दोन चकरा मारल्या. कोपऱ्यावर हॉर्न दिला, रॅकसमोर मशीन सरळ केली आणि माल असा अलगद वर ठेवला की एकही वीट खडखडली नाही.

"दोन चकरा!" भय्याजी कुरकुरले. "गोदाम बसवशीन तू माहं. उद्या सकाळच्या पाळीले ये. आन मशीन धुवून घेजो आधी."

पाळी सुटल्यावर बाबुलाल गेटपाशी स्कूटरची चावी हातात घेऊन उभा होता.

"साऱ्याईच्या समोर नाव घेतलं तू माहं," तो म्हणाला.

"घेतलं."

"लय जोरात घेतलं."

"हळू घेतलं असतं तर आईकलं असतं का तुमी?"

तो चपलेच्या पिनेकडं पाहू लागला.

"मंग उद्यापासून मी कुठं उभा राहू, सांग."

नलूनं त्याच्या हातातली चावी घेतली. स्कूटरवर बसली, सुरू केली आणि जरा पुढं सरकून मागच्या सीटवर थाप मारली.

"हे पाहा, इथं सीट हाय. इथं बसा."