गाठ जगली

सून प्रयोगशाळेत कॅन्सरच्या गाठी वाढवायची. उंदराच्या स्वादुपिंडातल्या गाठीचा कण घ्यायचा, काचेच्या बशीत त्याचे मोहरीएवढे जिवंत गोळे वाढवायचे आणि नवी औषधं आधी त्यांच्यावर आजमावायची, असं ते काम. पण सात महिने झाले तरी गोळे तग धरत नव्हते. चौथ्या दिवशी हटकून माना टाकायचे.

त्या सकाळी मात्र ती सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बसली होती. सासूबाईंचं पोट तीन आठवडे दुखत होतं आणि डॉक्टर "एकदा स्वादुपिंड बघून घेऊ" म्हणाल्यापासून सुनेच्या घशाखाली घास उतरत नव्हता. सासूबाई आत गेल्या, तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीचा फोन आला.

"काय सांगतेस! गाठ जगली?" सून ताडकन उठली. आपण कुठे आहोत याचं तिला भानच उरलं नाही. "आणि दुप्पट झाली? अगं, तुझ्या तोंडात साखर पडो! आता काही झालं तरी मरू देऊ नकोस हं तिला!"

आजूबाजूची माणसं डोळे फाडून बघत राहिली. एक आजोबा आपली फाइल छातीशी धरून दोन खुर्च्या पलीकडे सरकले.

दार उघडलं. सासूबाई पोटावरची जेली पुसतच बाहेर आल्या. आत सगळं ऐकू गेलं होतं.


"तुझ्या आनंदावर विरजण घालायचं जिवावर येतंय गं," त्या म्हणाल्या, "पण माझ्या पोटात नुसता गॅस निघाला."