गळकी कोठी

शाल्मलीने औषधाचा थेंब काचेच्या बशीत सोडला आणि श्वास रोखून सूक्ष्मदर्शकाच्या पडद्याकडे पाहिलं. बशीत हृदयाच्या पेशी धडधडत होत्या. शाळेच्या मैदानावर पळताना कोसळलेल्या केतकीच्या कातडीच्या पेशी बदलूनच त्या प्रयोगशाळेत वाढवल्या होत्या.

प्रत्येक पेशीत कॅल्शियमची इवली कोठी असते. ठोक्याला ती उघडते, लगेच मिटते. केतकीच्या पेशींतली अवेळी गळत होती, म्हणून पळताना तिचे ठोके चुकायचे. शाल्मलीने कोठीत चमकणारं प्रथिन सोडलं होतं. कॅल्शियम गळालं की चमक मंदावायची. आधीची सगळी औषधं फसली होती.

आता चमक ठोक्याला उतरली, पुन्हा चढली आणि टिकली!

“सर, लवकर या! गळती थांबली!”

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी येऊन दोनदा पाहिलं. “अगं, माझ्या तोंडाकडे काय बघतेस? केतकीच्या डॉक्टरांना फोन लाव!”

औषध जुनंच, दुसऱ्या आजारावर आधीपासून वापरात होतं. म्हणून केतकीला ते ताबडतोब सुरू झालं. महिन्याभराने रुग्णालयात केतकीची चाचणी झाली. काचेआडून शाल्मली आणि केतकीची आई बघत होत्या. ट्रेडमिलवर पळताना केतकीचे ठोके वाढत गेले, पण चुकले नाहीत.

“आता पुरे,” डॉक्टर म्हणाले.

“अजून थोडंसं!” केतकी ओरडली आणि पळतच राहिली.