मारोती, इयत्ता पहिली

माझ्या नातीचं, मोनालीचं, लग्न झालं त्या वर्षी धरणाच्या पाण्यानं आमच्या गावाचं बेट केलं. शाळा पलीकडच्या काठावर राहिली. जूनमध्ये हजेरीपटावर दहा नावं असली, तरच वर्षभर शाळेची बोट मिळणार होती आणि गावात पोरं नऊच. गुरुजींनी दहावं नाव लिहिलं: मारोती, वय सत्तर.

दिवाळीनंतर साहेब तपासणीला आले. एक जरी कमी भरला असता, तर बोट बंद.

"मारोती?"

मी खिडकीबाहेर पाहत होतो. शेजारी बसलेल्या अपेक्षानं कोपरानं ढोसलं, "आबाजी, हजर म्हण ना!"

"हजर, सर!"

साहेब खूश झाले. "वा! या वयात एका दिवसाचाही खाडा नाही!"



मारोती, माझा थोरला भाऊ, त्या वर्षीच्या पोळ्यालाच वारला होता.